लघवीच्या पिशवीतल्या दुर्मिळ गाठी

मंडळाच्या कार्यक्रमांत आपण मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी यांवर अगदी मोकळेपणानं बोलतो. लघवीचा विषय निघाला की मात्र आवाज खाली येतो. बेडोकला मुलाकडे राहायला आलेल्या आई-बाबांना तर सुनेसमोर हे काढणंही नको वाटतं. लघवी लालसर झाली तर "उन्हाळी लागली असेल, इथली हवाच तशी" म्हणून धने-जिऱ्याचं पाणी सुरू होतं. दोन दिवसांत रंग निवळतो आणि विषय संपतो. यंदाच्या मदतनिधी पुस्तिकेत म्हणूनच आम्ही हा विषय मुद्दाम घेतला आहे.

उन्हाळी लागली की जळजळ होते. गाठीतून येणारं रक्त बहुतेक वेळा न दुखता येतं आणि आपोआप थांबतं. थांबलं म्हणजे बरं झालं असं नाही. बायकांच्या बाबतीत ते पाळीचं किंवा इन्फेक्शनचं समजलं जातं आणि महिने निघून जातात. एकदाच दिसलं तरी दाखवावं. बेडोक पॉलिक्लिनिकमध्ये लघवीची साधी तपासणी होते आणि गरज पडली तर तिथूनच मोठ्या हॉस्पिटलच्या युरॉलॉजी विभागासाठी चिठ्ठी मिळते.

पुढे सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅन होतं. पण खरा निकाल लागतो तो दुर्बिणीनं. लघवीच्या मार्गातून बारीक दुर्बीण आत घालून पिशवी आतून पाहतात. गाठ दिसली तर भूल देऊन, दुर्बिणीतूनच, विजेच्या तारेच्या कडीनं ती खरवडून काढतात. पोटावर टाका पडत नाही. हा तुकडा नुसता वरवरचा असून चालत नाही, त्यात पिशवीच्या भिंतीतला स्नायूही यावा लागतो. गाठ किती खोल गेली आहे ते त्यावरूनच कळतं.

पिशवीच्या कॅन्सरपैकी शंभरात सुमारे 90 एकाच जातीचे, म्हणजे आतल्या अस्तराचे असतात. उरलेल्यांत कितीतरी प्रकार येतात आणि प्रत्येकाचं ऑपरेशन वेगळं. आम्हाला सांगायचं आहे ते एवढंच की गाठीची जात नक्की कळल्याशिवाय मोठ्या ऑपरेशनची घाई नको.

उदाहरणार्थ, बेंबीशी नातं असलेली गाठ. बाळ पोटात असताना त्याच्या पिशवीच्या माथ्यापासून बेंबीपर्यंत एक नळी असते. पुढे ती बंद होऊन नुसती दोरी उरते. क्वचित त्या दोरीत कॅन्सर होतो. रक्ताबरोबर लघवीतून शेंबडासारखा चिकट पदार्थ जातो. अशा वेळी बहुधा पूर्ण पिशवी काढावी लागत नाही. पिशवीचा माथा, ती दोरी आणि बेंबी हे सगळं एकसंध काढतात. बेंबी मागे ठेवली तर रोग मागे राहण्याचा धोका असतो. बेंबी कशाला काढली म्हणून नातेवाईक चकित होतात, त्याचं कारण हे.

दुसरी आणखी विरळा, पण धोक्याची. या गाठीतून ॲड्रेनलिनच्या जातीची द्रव्यं रक्तात सुटतात. लघवी करताना किंवा करून झाल्यावर डोकं ठणकतं, छाती धडधडते, दरदरून घाम येतो, रक्तदाब चढतो. माणूस हृदयाच्या डॉक्टरकडे खेपा घालत राहतो, लघवीचा संबंध कुणाच्या ध्यानात येत नाही. हे न ओळखता गाठीला हात लावला तर टेबलावरच रक्तदाब जिवावर बेतेल इतका उसळू शकतो. म्हणून संशय आल्यास आधी रक्ताची किंवा लघवीची खास तपासणी, मग एक-दोन आठवडे रक्तदाब आवरणारी औषधं आणि त्यानंतरच ऑपरेशन. लघवीच्या वेळी असं काही होत असेल तर डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगायला हवं.

तिसऱ्या प्रकाराचा धागा आपल्या कोकणाशी जुळतो. बिल्हार्झिया नावाचा परजीवी पाण्यातल्या गोगलगायींमधून माणसात येतो आणि पिशवीच्या भिंतीत अंडी घालतो. वर्षानुवर्षं दाह राहिला तर वेगळ्या जातीचा कॅन्सर होऊ शकतो. इजिप्तमध्ये तो दीर्घकाळ मोठा प्रश्न होता. हा रोग भारतात नाही असं मानलं जाई. 1952 साली डॉ. गाडगीळ आणि डॉ. शहा यांनी रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात तो दाखवून दिला. आज आपल्यापैकी कुणी नोकरीनिमित्त आफ्रिकेत राहिलं असेल, तिथल्या तळ्यात-नदीत उतरलं असेल, तर डॉक्टरांना तेही सांगावं.

या तिसऱ्या जातीत किंवा नेहमीच्या कॅन्सरनं स्नायू गाठला असेल तर बहुधा पूर्ण पिशवी काढावी लागते. मग आतड्याचा छोटा तुकडा वापरून पोटावर लघवीला वाट करतात आणि बाहेर पिशवी लावतात, किंवा लहान आतड्याच्या अर्ध्या मीटरभर तुकड्याची नवी पिशवी आतच शिवतात. लहान पेशींच्या आक्रमक जातीत मात्र सहसा केमोथेरपी आधी. आणि स्नायूची साधी गाठ निघाली तर ती कॅन्सर नसतेच. तेवढीच सोलून काढली की झालं.

आता पैशाचं. मेडिशील्ड लाइफ हे नागरिकांना आणि पीआरना आहे. लाँग टर्म व्हिजिट पासवर आलेल्या आई-बाबांना ते नाही, सरकारी हॉस्पिटलची सबसिडीही नाही. त्यामुळे निदान इथं आणि ऑपरेशन मुंबईत असं बरेचदा ठरतं. परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये 1941 पासून देशभरातून रुग्ण येतात. त्यांतले कित्येक दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरतात. या पुस्तिकेतून जमणारी रक्कम अशाच रुग्णांच्या तपासण्यांसाठी आणि मुक्कामासाठी द्यायचं मंडळानं ठरवलं आहे.

इथून परत जाणाऱ्यांनी नुसता रिपोर्ट नेऊ नये. काढलेला तुकडा मेणाच्या ठोकळ्यात जपून ठेवलेला असतो आणि त्याचे पातळ काप काचेवर असतात. दुर्मिळ गाठीत दुसऱ्या तज्ज्ञानं ते पुन्हा पाहिले तर कधी कधी गाठीचं नावच बदलतं, आणि नावाबरोबर ऑपरेशनही. हॉस्पिटलकडे मागताना "ब्लॉक आणि स्लाइड, दोन्ही" असं सांगावं, आणि निघायच्या बऱ्याच आधी अर्ज द्यावा. विमानात हे पाकीट हातातल्या बॅगेतच ठेवावं.