शॉकअप तापतो तेव्हा

ऑस्ट्रेलियाच्या वायव्येला किंबर्ली नावाचा प्रदेश आहे. तिथल्या गुरांचे ट्रक बंदरापर्यंत जावेत म्हणून 1960 च्या दशकात एक मातीचा रस्ता काढला. तो गिब रिव्हर रोड, लांबी सुमारे 660 किलोमीटर. आज पिकअप घेऊन भटकणारे लोक मुद्दाम या रस्त्यावर जातात. त्यांना छळतात त्या खड्ड्यांपेक्षाही आडव्या लाटा. गोठ्यावरचा पन्हळी पत्रा काढून मैलोनमैल जमिनीवर अंथरावा, तसा तो रस्ता दिसतो.

दोन लाटांमधलं अंतर पाऊण मीटर धरा आणि गाडी ताशी 60 किलोमीटरने हाका. प्रत्येक चाकाला सेकंदाला 22 दणके बसतात. तासाभरात 80 हजारांच्या आसपास! आणि या लाटा कुणी घातलेल्या नाहीत, त्या चाकांनीच घडवल्या आहेत. 2007 साली निकोलस ताबेर्ले, स्टीफन मॉरिस आणि जिम मॅकएल्वेन या भौतिकशास्त्रज्ञांनी गोल फिरणाऱ्या वाळूच्या थरावर एक चाक चालवून पाहिलं. एका ठरावीक वेगापर्यंत वाळू सपाट राहिली. वेग त्यापुढे गेला, तशा लाटा उमटल्या. स्प्रिंग नसली तरी उमटल्या, चाक फिरायचं थांबवून नुसतं ओढलं तरी उमटल्या.

आता प्रश्न असा, की 80 हजार दणक्यांची ऊर्जा जाते कुठे?

गॅरेजमध्ये आपण ज्याला शॉकअप म्हणतो, त्याच्या नावानेच आपली फसगत होते. दणका झेलतात ते पाटे आणि स्प्रिंगा. पण स्प्रिंग घेतलेलं सगळं परत करते. शॉकअप नसलेली गाडी एका उंचवट्यानंतर झोपाळ्यासारखी झुलत राहील. झोका थांबवायला मूल पाय जमिनीवर घासतं ना, ते काम शॉकअपचं. पायाचे तळवे घासून गरम होतात, तसाच तोही होतो. गाडीची उसळी तो उष्णतेत बदलतो आणि ती उष्णता हवेला देतो. त्याचं काम एवढंच, आणि मला ते अद्भुत वाटतं.

त्याच्या आत आहे एक पिचकारी. तेलाने भरलेली नळी, आत दट्ट्या, दट्ट्याला बारीक भोकं. रंगपंचमीची पिचकारी हळू दाबली तर सहज सरकते, जोरात दाबली तर हाताला अडते. शॉकअपही तसाच वेग ओळखतो. गाडी वळणावर सावकाश कलली तर वेगळा वागतो, दगडावर आदळली तर वेगळा. त्यासाठी भोकांवर पोलादाच्या पातळ चकत्या एकावर एक रचलेल्या असतात, पापडांच्या चवडीसारख्या. त्यांची जाडी मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांइतकी. तेलाचा जोर वाढला की त्या वाकून वाट देतात. चवडीतली एक चकती बदलली तरी दोन टनांच्या गाडीची चाल बदलते.

घात होतो तो तेल तापून फेसाळल्यावर. दट्ट्या रवीसारखा घुसळत असतो. साध्या दुहेरी नळीच्या शॉकअपमध्ये तेलाशेजारी हवा किंवा हलक्या दाबाचा वायू असतो, तो तेलात मिसळतो. फेसातून दट्ट्या अडल्याशिवाय सरकतो आणि लाटांवर गाडी रस्ता सोडून तरंगू लागते. यावरची युक्ती फ्रेंच अभियंता क्रिस्टियाँ बुर्सिए द कार्बाँ यांची. नळी एकच ठेवायची, तळाशी नायट्रोजन भारी दाबाने भरायचा आणि तेल व वायू यांच्यामध्ये एक तरंगता दट्ट्या ठेवायचा. दाबाखालच्या तेलात बुडबुडे सहजी धरत नाहीत. शिवाय बाहेरची नळीच नसल्याने तेलाची उष्णता थेट हवेला मिळते. बिल्स्टाइन कंपनीने 1957 साली असे शॉकअप मर्सिडीजसाठी कारखान्यात बनवायला घेतले.

पुढच्या सुधारणा मेक्सिकोच्या बाहा वाळवंटात कसाला लागल्या. 1967 साली तिहुआना ते ला पाझ अशी शर्यत झाली. जिंकणाऱ्या छोट्या बग्गीला 27 तास 38 मिनिटं लागली. त्या काळचे शॉकअप वाटेतच दम सोडत, म्हणून काही जण एकेका चाकाला दोन-दोन, तीन-तीन लावत. नंतर तेल-वायूसाठी बाजूला वेगळा डबा आला. त्यामुळे तेल जास्त मावतं, थंड व्हायला जागा मिळते. मग आली आडवाटेची रचना. मधल्या टप्प्यात तेल दट्ट्याला वळसा घालून निसटतं, म्हणून चाल मऊ राहते. टोकाजवळ ती वाट बंद होते आणि शॉकअप कडक होतो, त्यामुळे उडी मारून आलेली गाडी धाडकन बसत नाही. 2010 च्या फोर्ड रॅप्टर पिकअपमध्ये हीच रचना नळीच्या पोटात बसवून शोरूममध्ये विकायला ठेवली होती.

म्हणून पिकअपची चाल सुधारायची तर आधी तिचं खरं ओझं जोखावं. पिकअपचे पाटे टनभर मालासाठी बांधलेले असतात, रिकामी गाडी त्यांच्यावर उधळणारच. तंबू, पाणी, डिझेल मिळून नेहमी किती वजन असतं ते काट्यावर घालून पाहावं, तेवढ्याला जोगते पाटे निवडावेत आणि त्या पाट्यांना आवरेल असा शॉकअप घ्यावा. कडक पाट्याला मवाळ शॉकअप जोडला तर पैसे पाण्यात. टायरमधली हवा कच्च्या रस्त्यावर थोडी उतरवणं हा सगळ्यात स्वस्त उपाय, डांबरी लागण्याआधी मात्र ती परत भरायची.

नुसती उंची वाढवण्याचा मोह मला पटत नाही. उंच झालेली गाडी रुबाबदार दिसते. पण पुढच्या ॲक्सलचे सांधे तिरक्या कोनात झिजतात, ब्रेकची नळी ताणली जाते, गुरुत्वमध्य वर सरकतो. शॉकअप तोच राहिला तर उष्णतेचा प्रश्न जिथल्या तिथे. आणि आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे. नोंदणीतल्या तपशिलांना बाधा येईल असे बदल त्यात बसत नाहीत, तेव्हा परिवहन कार्यालयात आधी विचारलेलं बरं.

लाटांचा लांब पट्टा संपला की जाणते चालक गाडी थांबवतात, खाली वाकतात आणि चारही शॉकअपजवळ तळहात नेतात. हात लावत नाहीत, नळी शंभर अंशांच्या वर गेलेली असू शकते. तीन नळ्यांची धग लांबूनच जाणवते. चौथी गार असली तर ते खोक्यातून नवा शॉकअप काढतात.