मनुष्यबळ विकास आणि आध्यात्मिक बुद्धिमत्ता

वार्षिक मूल्यमापनाचे दिवस आले की कार्यालयातले वातावरण बदलते. उद्दिष्टे पूर्ण झाली का, नवे तंत्र आत्मसात केले का, सहकाऱ्यांशी जुळते का, असे प्रश्न विचारले जातात. ‘हे काम तुम्ही कशासाठी करता?’ हा प्रश्न मात्र त्या तक्त्यात नसतो. याच रिकाम्या रकान्याकडे ‘आध्यात्मिक बुद्धिमत्ता’ ही संकल्पना लक्ष वेधते.

१९०५ मध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमोन यांनी बुद्धिमापन चाचणी तयार केली. पुढे बुद्ध्यांक हाच क्षमतेचा मापदंड ठरू लागला. १९९५ मध्ये डॅनियल गोलमन यांच्या पुस्तकामुळे भावनिक बुद्धिमत्तेची चर्चा कार्यालयांपर्यंत पोहोचली. डॅना झोहर यांनी १९९७ मध्ये आध्यात्मिक बुद्धिमत्तेची मांडणी केली आणि २००० मध्ये इयन मार्शल यांच्यासह त्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. काम कसे करावे हे बुद्ध्यांक सांगतो, माणसांशी कसे वागावे हे भावनिक बुद्धिमत्ता सांगते. तर मुळात या परिस्थितीत आपण असावे का, असा प्रश्न आध्यात्मिक बुद्धिमत्ता विचारते. आत्मभान, मूल्यनिष्ठा, नम्रता, करुणा आणि प्रतिकूलतेतून शिकण्याची वृत्ती हे तिचे काही घटक होत. तिचा विशिष्ट धर्माशी किंवा उपासनेशी संबंध नाही, हे झोहर यांनी स्पष्ट केले आहे.

मदुराईचा धडा

या विचाराचे प्रत्यक्ष रूप आपल्याच देशात पाहायला मिळते. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी सरकारी सेवेतून निवृत्त झाल्यावर १९७६ मध्ये मदुराई येथे अवघ्या ११ खाटांचे अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केले. संधिवाताने त्यांची बोटे वाकडी झाली होती, तरीही ते शस्त्रक्रिया करीत. योगी अरविंदांच्या विचारांचा त्यांच्यावर प्रभाव होता. टाळता येण्याजोगे अंधत्व दूर करणे हे ध्येय रुग्णालयातील प्रत्येकापुढे होते. ग्रामीण भागातील मुलींना निवडताना गुणांइतकाच वृत्तीचाही विचार झाला. त्यांना प्रशिक्षण देऊन तपासणीपासून शस्त्रक्रियेच्या तयारीपर्यंतची जबाबदारी सोपवण्यात आली. त्यामुळे डॉक्टरांचा वेळ शस्त्रक्रियेसाठी मोकळा झाला. पैसे देणाऱ्या रुग्णांच्या उत्पन्नातून गरिबांवर मोफत किंवा अल्प दरात उपचार होऊ लागले. येथे ध्येयाला शिस्तबद्ध कार्यपद्धतीची आणि प्रशिक्षणाची जोड होती, हे विसरता कामा नये.

मर्यादांचे भान

या संकल्पनेवर आक्षेपही आहेत. बहुविध बुद्धिमत्तेचा सिद्धांत मांडणारे हॉवर्ड गार्डनर यांनी तिला स्वतंत्र बुद्धिमत्ता मानण्यास नकार दिला. व्यक्तीला येणारे आंतरिक अनुभव वस्तुनिष्ठपणे मोजणे कठीण असते. म्हणूनच अशा चाचणीच्या गुणांवर नेमणूक किंवा बढती ठरवणे धोक्याचे होय.

दुसरा धोका अधिक व्यावहारिक आहे. कामाचे तास वाढवायचे, माणसे कमी करायची आणि उरलेल्यांना शनिवारी ध्यानशिबिराला पाठवायचे, ही आध्यात्मिकता नव्हे. ‘सेवाभावा’च्या नावाखाली न्याय्य वेतन नाकारणे तर त्याहून वाईट. विविध श्रद्धांची, तसेच कोणतीही श्रद्धा न मानणारी माणसे एकाच छताखाली काम करतात. त्यामुळे प्रार्थना वा ध्यान यांची सक्तीही असू नये.

मग मनुष्यबळ विभागाने काय करावे? आपल्या कामाचा लाभ अखेर कोणाला होतो, हे कर्मचाऱ्याला प्रत्यक्ष पाहू द्यावे. ग्राहकाची फसवणूक होईल असे काम नाकारणाऱ्यास संरक्षण द्यावे. प्रशिक्षणात मूल्यांच्या पेचप्रसंगांवर मोकळी चर्चा घडवावी. आणि वरिष्ठांनी स्वतःची चूक सर्वांसमोर मान्य करण्याची सवय लावून घ्यावी.

‘कशासाठी?’ हा प्रश्न कर्मचाऱ्याने विचारला, तर तो अनेकदा बंडखोरी समजला जातो. वास्तविक तो विकासाचा प्रारंभ असतो. जी संस्था या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर देऊ शकते, तिला माणसे टिकवण्यासाठी वेगळ्या घोषणांची फारशी गरज भासत नाही.