तारांचं चाक हवंय? आधी हब पाहा

बजाजची पल्सर 2001 साली पुण्यातून बाजारात आली, तेव्हा तिची चाकं तारांचीच होती. पुढे अलॉयची लाट आली आणि तारा जुनाट ठरल्या. 2018 साली रॉयल एन्फिल्डच्या इंटरसेप्टर 650 ला 18 इंची तारांची चाकं, पुढे 320 आणि मागे 240 मिलिमीटरची डिस्क, शिवाय एबीएस असं सगळं एकत्र मिळालं. तारा आणि दमदार ब्रेक यांचं वैर नाही, हे त्यातून दिसतंच. पण कंपनीनं जमवलेली ही जोडी गॅरेजमध्ये जमवताना हिशोब चुकतो.

तारांचं चाक ताणावर चालतं. प्रत्येक तार हब आणि रिंग यांच्यामध्ये खेचलेली असते. खड्डा आला की रिंग किंचित दबते आणि धक्का अनेक तारांमध्ये वाटला जातो. सोलापूरहून अक्कलकोट, पंढरपूरकडे आडवाटेनं जाणाऱ्याला याची किंमत कळते. तार तुटली तर बदलता येते, रिंग थोडी वाकली तर आउट, म्हणजे चाकाचं डगमगणं, काढता येते. तडा गेलेलं अलॉय मात्र बदलणंच बरं.

उणीवही आहे. तारा रिंगला आवळणाऱ्या निपलच्या भोकांतून हवा निसटते, म्हणून बहुतेक तारांच्या चाकांत ट्यूब लागते. ट्यूब फाटली की हवा झटकन जाते. ट्यूबलेस टायर सहसा हळूहळू बसतो. हैदराबाद महामार्गावर वेगात असताना हा फरक मोठा आहे. तारा रिंगच्या कडेला अडकवलेली ट्यूबलेस चाकंही मिळतात, पण ती महाग पडतात.

आता हब. ड्रमचा हब आणि डिस्कचा हब वेगळे. एक्सलची जाडी, बेअरिंग, स्पेसर आणि मागच्या चाकाला चेनची सरळ रेष हे सगळं जुळावं लागतं. डिस्क कॅलिपरच्या बरोबर मध्ये फिरली पाहिजे. एबीएसच्या गाडीत सेन्सरसमोर फिरणारी दातेरी रिंग तितक्याच दातांची आणि तितक्याच अंतरावर हवी. चाकाचा घेर बदलला तर वेगाचं गणितही चुकतं.

ब्रेक लावताना वजन पुढच्या चाकावर येतं, म्हणून थांबवण्याचं मुख्य काम पुढचा ब्रेक करतो. नुसती मोठी डिस्क लावून भागत नाही. मास्टर सिलिंडर आणि कॅलिपर यांच्या पिस्टनचं प्रमाण बिघडलं की लिव्हर एकतर दगडासारखा कडक होतो किंवा थेट मुठीपर्यंत आत जातो. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, त्यामुळे ते ठरावीक मुदतीनं बदलावं. मास्टर सिलिंडरच्या झाकणावर लिहिलेल्या ग्रेडचंच ऑइल वापरावं.

चाक बांधून झाल्यावर ते फिरवून आउट पाहावी. अनेक मोटरसायकलींच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बाजूची आणि उंचीची आउट 2 मिलिमीटरपर्यंतच चालते. निपलची टोकं ट्यूबला टोचू नयेत म्हणून रिंगवर रबरी पट्टी हवी. सुरुवातीच्या काहीशे किलोमीटरनंतर तारा पुन्हा तपासून घ्याव्यात, कारण नव्या तारा बसताना सैलावतात.

कायद्याचंही भान हवं. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करायला मनाई करतं, आणि एप्रिल 2019 पासून 125 सीसीवरच्या नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचं आहे. तेव्हा काम काढण्याआधी आरटीओत विचारा. त्याच मॉडेलला कंपनीचीच तारांची चाकं मिळत असतील तर तीच घ्या. जिथे एबीएस काढून टाकावं लागेल, तिथे तारांचा हौसेचा विचार सोडून द्या.