विश्लेषण : जुन्या गाडीचे दार खाली का बसते? बिजागरी घरी दुरुस्त करता येते का?

दापोली तालुक्यातील आंजर्ल्यासारख्या किनारी गावात जुनी प्रीमियर पद्मिनी किंवा अँबेसेडर जपणे सोपे नाही. खारा वारा आणि वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पत्रा खातातच, पण दारांच्या बिजागऱ्याही खातात. दार उचलून लावावे लागते, ही त्याची पहिली खूण.

दार का बसते?

दाराचा सगळा भार दोन बिजागऱ्यांच्या पिनांवर असतो. वंगण संपले, त्यात खारट ओल शिरली की पिन झिजते आणि तिचे गोल भोक लांबट होते. दोन बिजागऱ्यांत ४० सेंटिमीटर अंतर आणि दाराची रुंदी ९० सेंटिमीटर धरली, तर वरच्या बिजागरीतील अर्ध्या मिलिमीटरच्या झिजेने लॉककडची कड एक मिलिमीटरहून अधिक खाली येते.

धोका काय?

लॉक अर्धवट बसले तर चालत्या गाडीत दार उघडू शकते. ‘डुक्कर फियाट’ची पुढची दारे मागच्या बाजूला बिजागरी असलेली होती. असे दार धावताना सुटले, तर वारा ते बंद करत नाही, उलट आणखी उघडतो.

दोष कसा ओळखावा?

दार अर्धे उघडून मोकळी कड खालून हलके उचलावी. दुसऱ्याने बिजागरीकडे पाहावे. दोन पाती एकमेकांत हलली, तर पिन किंवा भोक झिजले आहे. अख्खी बिजागरी सरकली, तर बोल्ट ढिले आहेत. भोवतीचा पत्राच हलला, तर पिलर आतून गंजला आहे. तिथे नव्या पिनेचा उपयोग नाही. पत्राकाम आणि वेल्डिंग जाणकाराकडूनच करून घ्यावे.

घरी काय करता येते?

बिजागरी बोल्टची असेल, तर तिच्या कडेने आधी खूण करावी. दाराखाली जॅक, त्यावर लाकूड आणि जाड कापड ठेवावे. मदतीला दुसरा माणूस हवाच. गंजलेल्या बोल्टवर गंज सोडवणारे तेल रात्रभर मुरू द्यावे. बिजागरी काढल्यावर पिन पंचने ठोकून बाहेर काढावी आणि व्हर्नियरने मोजावी. फक्त पिन झिजली असेल, तर लेथवाल्याकडून त्याच मापाची नवी करून घ्यावी. भोक लांबट झाले असेल, तर ते रिमरने गोल करून जाड पिन किंवा ब्राँझचे बुश बसवावे. मग ग्रीस भरून बिजागरी जुन्या खुणेवर कसावी.

काय करू नये?

पहारीने दार वाकवू नये. दार लागावे म्हणून पिलरवरची स्ट्रायकर प्लेट खाली सरकवणे म्हणजे दोष झाकणे. जुनी बिजागरी भंगारात टाकू नये. पद्मिनीचे उत्पादन थांबून दोन दशके उलटली, अँबेसेडरचे २०१४ मध्ये थांबले. कंपनीचा नवा भाग मिळणे आता कठीण आहे.

पुढे काळजी कोणती?

पावसाळ्याआधी आणि नंतर पिनांना तेल द्यावे. दाराच्या तळाची पाणी निघायची भोके तारेने मोकळी करावीत. ती बुजली की पाणी आत साचते, दार जड होते आणि पत्रा आतून सडतो. मग बिजागरी कितीही चांगली असली तरी ती धरणार कशाला?