डिंभ्याची शेंबी आणि कलिंगाचे जेवण

आंबेगाव तालुक्यातील डिंभे गावाहून समुद्र दिसत नाही. तरी तेथील धरणातून सुटलेले घोड नदीचे पाणी भीमेला, पुढे कृष्णेला मिळते आणि थेट बंगालच्या उपसागरात जाते. त्या किनाऱ्यावरच्या एका प्राण्याची ही हकीकत आहे.

पावसाळ्यात ओल्या भिंतीवर चिकट माग सोडीत जाणारी शेंबी, म्हणजे बिनशंखाची गोगलगाय, तुम्ही पाहिली असेलच. समुद्रातही तिचे बिनशंखाचे नातलग आहेत. त्यांपैकी एक ‘कलिंगा ऑर्नाटा’. मद्रास इलाख्यातील अधिकारी वॉल्टर एलियट यांनी हिंदुस्थानात जमवलेल्या संग्रहावरून आल्डर व हॅनकॉक या इंग्रज शास्त्रज्ञांनी १८६४ साली त्याचे वर्णन केले. नाव वाचताच प्राचीन कलिंग देश आठवतो, नाही का?

पण हा प्राणी खातो काय? याचे बरेच भाऊबंद स्पंज किंवा समुद्रफुलांसारखे एका जागी चिकटलेले प्राणी खातात. शिवाय ते मोठे चोखंदळ! त्यामुळे एखादा वारंवार एकाच स्पंजावर बसलेला आढळला, तर त्याच्या जेवणाचा अंदाज बांधता येतो. कलिंगा मात्र समुद्राच्या मऊ तळावर राहतो आणि पुष्कळदा मासेमारीच्या जाळ्यातूनच वर येतो. जाळ्यात तर सगळ्यांचीच खिचडी! शेजारी कोण सापडले, याला तेथे काहीच अर्थ नाही.

मग पुरावा पोटात शोधायचा. कलिंगा भंगुर तारे खातो, असे आढळले आहे. हे तारामाशाचे सडपातळ चुलतभाऊ. त्यांच्या बाहूंत चुन्याच्या बारीक चकत्या असतात. मांस पचून गेले तरी त्या काही काळ टिकतात, आणि सूक्ष्मदर्शकाखाली ओळखू येतात. अर्थात एकाच पोटातील एक तुकडा पुरेसा नाही. तो चिखलाबरोबर चुकून गेलेला असू शकतो. अनेक पोटांत तेच सापडले, किंवा खाताना प्रत्यक्ष पाहिले, तर गोष्ट वेगळी.

ही पद्धत तुम्हांला घरीही वापरता येईल. चिमट्याने एक शेंबी ओलसर बरणीत ठेवा; उघड्या हाताने धरू नका, तिच्यात रोगकारक कृमी असू शकतात. झाकणाला बारीक भोके पाडा. एका रात्री फक्त गाजराची चकती द्या, दुसऱ्या रात्री फक्त पालक. रोज सकाळी विष्ठेचा रंग टिपून ठेवा. मग बाहेर भिंतीवर सापडलेल्या शेंबीची विष्ठा तिच्याशी ताडून पाहा. काम झाल्यावर शेंबी जेथून आणली तेथेच सोडा, आणि हात साबणाने धुवा.