घड्याळ अस्सल, की जोडकाम?

मेलबर्नच्या कॅम्बरवेल संडे मार्केटसारख्या जुन्या बाजारात टोल्यांचं लाकडी घड्याळ दिसलं, की मराठी माणूस थबकतोच. आजोळी ओटीवर अस्संच होतं ना! अमेरिकन कारखान्यांनी एकोणिसाव्या शतकात ही घड्याळं जगभर विकली. अ‍ॅन्सोनिया आणि सेठ थॉमस आपल्या वाड्यांत आली, तशीच इथल्या घरांतही. पण आठवणीच्या भरात पाकीट उघडण्याआधी घड्याळ उघडायला सांगा.

आतल्या यंत्राच्या पितळी पट्टीवर कंपनीचा शिक्का शोधा. तबकडीवर एक नाव आणि यंत्रावर दुसरं, किंवा पेटीच्या पाठीला यंत्र बसवण्याची जादा, रिकामी भोकं असली, तर दोन घड्याळांचं एक केलंय असं समजा. इथले व्यापारी त्याला ‘मॅरेज’ म्हणतात! अशा लग्नाला अस्सल घड्याळाची किंमत कशाला मोजायची? फुलीच्या खाचेचे स्क्रू दिसले, तर तेही नंतरचे. तबकडीचा कागद पांढराशुभ्र असेल, तर तो बहुधा बदललेला. जुन्या कागदावर चावीच्या भोकांभोवती हातांचा काळपटपणा उतरलेला असतो.

सेठ थॉमसची एक गंमत आहे. त्यांच्या बऱ्याच घड्याळांच्या पाठीवर किंवा तळाला साल उलटं छापलेलं असतं, पुढे महिन्याचं अक्षर. ‘६९८१ एफ’ म्हणजे जून १८९६.

मग तब्येत बघा. चाकांचे आस ज्या भोकांत फिरतात, ती झिजून लांबट झाली असतील, तर दुरुस्तीचा खर्च धरा. लाकडाला बारीक भोकं आणि खाली ताजा भुसा असेल, तर कीड जिवंत आहे. पॉलिश मात्र खरवडू नका. जुना रंग गेला, की किंमतही जाते. चावी दिलेल्या घड्याळाची स्प्रिंग स्वतः सोडवू नका, बोटं जातील.

गावचंच घड्याळ इकडे आणायचं असेल, तर आणखी दोन गोष्टी. शंभर वर्षांवरच्या वस्तूला भारताचा १९७२ चा पुरावस्तू कायदा लागू होऊ शकतो, म्हणून आधी पुरातत्त्व खात्याकडे विचारा. आणि ऑस्ट्रेलियात उतरताना लाकडी वस्तू कार्डावर जाहीर करायलाच हवी.

घरचं घड्याळ जोडकामाचं निघालं, तरी वाईट वाटून घेऊ नका. ते विकत घेताना फसायचं नाही, एवढंच. आजोबांनी ज्याला चावी दिली, त्याचं मोल बाजार ठरवत नाही.