रक्त गाळण्याचा उपचार आणि आतड्याचा जुनाट दाह

पौड-पिरंगुटपासून ताम्हिणीच्या घाटमाथ्यापर्यंत मुळशी तालुक्यातील कोणत्याही गावात शौचावाटे रक्त पडू लागले, की वडीलधारी माणसे बहुधा एकच नाव घेतात : मूळव्याध. संकोचापोटी कित्येक महिने ही गोष्ट घरातही सांगितली जात नाही. मग कोणी पथ्य सांगतो, कोणी ‘रक्त बिघडले आहे, ते शुद्ध करून घ्या’ असा सल्ला देतो. या रक्तस्रावामागे कधी कधी अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याचा व्रणदाह असतो. त्यावर रक्त गाळण्याचा एक उपचार खरोखरच आहे. मात्र ‘रक्तशुद्धी’ या शब्दाने आपण जे समजतो, ते तो नव्हे. हा फरक वृद्ध रुग्णाने आणि त्याची काळजी घेणाऱ्याने नीट जाणून घेतला पाहिजे.

आजाराचे स्वरूप

या आजारात मोठ्या आतड्याच्या आतील अस्तराला सूज येते व त्यावर व्रण पडतात. दाहाची सुरुवात गुदाशयापासून होते आणि तो वर पसरू शकतो. रक्त व आव मिसळलेले पातळ जुलाब, अनावर घाई, पोटात मुरडा, अशक्तपणा ही त्याची लक्षणे. शौचासाठी रात्री झोपेतून उठावे लागणे ही विशेष लक्षात ठेवण्याजोगी खूण आहे. हा केवळ तरुणांचा आजार नाही. साठीनंतरही तो प्रथमच उद्भवू शकतो. त्या वयात मूळव्याध, अमीबाचा संसर्ग, आतड्याचा क्षयरोग आणि कर्करोग यांच्याशी त्याची गल्लत होते. म्हणून दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी, अर्थात कोलोनोस्कोपी, आणि अस्तराच्या तुकड्याची तपासणी यांशिवाय निदान पक्के मानू नये.

सौम्य आजारात मेसालामाइन हे औषध पुष्कळदा पुरेसे ठरते. दाह वाढला की स्टिरॉइड द्यावे लागते, आणि वृद्धांची खरी अडचण येथे सुरू होते. स्टिरॉइडने आराम पडतो, पण साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात, मोतीबिंदू वाढतो. मात्रा कमी केली, की काहींचा आजार उसळतो. पुढची औषधे रोगप्रतिकारशक्ती दाबतात. आपल्या देशात क्षयरोगाची भीती असल्याने तीही सर्वांना मानवतात असे नाही.

गाळण्याची क्रिया

दाहाच्या वेळी रक्तातील काही पांढऱ्या पेशी, मुख्यतः ग्रॅन्युलोसाइट व मोनोसाइट, आतड्याच्या अस्तरात शिरून सूज धुमसत ठेवतात. त्यांचा भार हलका करावा, या विचारातून जपानमध्ये हा उपचार विकसित झाला. ‘अ‍ॅडाकॉलम’ या नावाच्या नळकांड्यात सेल्युलोज अ‍ॅसिटेटचे, सुमारे २ मिलिमीटर व्यासाचे, हजारो मणी भरलेले असतात. एका हाताच्या शिरेतून रक्त बाहेर येते, मण्यांवरून वाहते आणि दुसऱ्या हाताच्या शिरेतून परत जाते. वेग मिनिटाला सुमारे ३० मिलिलिटर आणि वेळ एक तास. म्हणजे एका बैठकीत साधारण १.८ लिटर रक्त मण्यांवरून जाते. पण शरीराबाहेर एका वेळी थोडेच असते. त्या दोन प्रकारच्या पेशी मण्यांना मोठ्या प्रमाणात चिकटतात. लिम्फोसाइट या पेशी मात्र बहुतांशी परत शरीरात जातात.

यात ‘विषारी द्रव्ये’ काढली जात नाहीत. हे डायलिसिस नव्हे, रक्तमोक्षणही नव्हे. रक्तस्रावाने आधीच हिमोग्लोबिन उतरलेल्या माणसाचे रक्त ‘शुद्धीसाठी’ बाहेर काढून टाकणे तर घातकच ठरेल.

पुरावा काय सांगतो?

जपानमध्ये २००० सालापासून हा उपचार तेथील आरोग्य विम्यातून मिळू लागला. तेथे आठवड्याला एक अशा पाच बैठकांपासून सुरुवात होते आणि गरजेनुसार त्या दहापर्यंत वाढवल्या जातात. वृद्ध रुग्णांतही तो सामान्यतः चांगला सोसला जातो, असा तेथील अनुभव आहे. डोकेदुखी, चक्कर, किंचित ताप हे त्याचे नेहमीचे त्रास.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. उत्तर अमेरिकेतील एका चाचणीत काही रुग्णांना खरी आणि काहींना दिखाऊ प्रक्रिया देण्यात आली. तिचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. आजार शांत झालेल्यांचे प्रमाण खऱ्या उपचारात १७ टक्के व दिखाऊ प्रक्रियेत ११ टक्के होते. हा फरक निर्णायक मानण्याइतका नव्हता. भारतात लुधियानाच्या दयानंद मेडिकल कॉलेजातील डॉक्टरांनी स्टिरॉइडवर अवलंबून राहिलेल्या मोजक्या रुग्णांवर याचा वापर करून अनुभव नोंदवले आहेत.

तात्पर्य असे, की हा पहिल्या पायरीचा उपचार नाही आणि आजार मुळापासून घालवणाराही नाही. ज्यांना स्टिरॉइड सोडवत नाही, आणि इतर औषधे सोसत नाहीत वा धोक्याची वाटतात, अशा निवडक रुग्णांसाठी तो विचारात घेण्याजोगा पर्याय आहे.

जाण्यापूर्वी विचारावे असे

हा उपचार मोजक्याच केंद्रांत मिळतो. आधी पोटविकारतज्ज्ञांना पुढील गोष्टी विचाराव्यात.

• माझ्या बाबतीत हाच उपचार का? दुसरा पर्याय कोणता?
• एकूण बैठका किती, आणि कितव्या बैठकीनंतर उपयोग झाला की नाही हे ठरवणार?
• नळकांडे दर वेळी नवे लागते; तर पूर्ण खर्च लेखी मिळेल का? विमा तो देईल का?
• दोन्ही हातांच्या शिरा पुरेशा चांगल्या आहेत का?
• रक्त गोठू नये म्हणून प्रक्रियेत औषध देतात. मग माझी अ‍ॅस्पिरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालेल का?
• हृदय, मूत्रपिंड, हिमोग्लोबिन आणि पांढऱ्या पेशींची संख्या यांमुळे काही अडचण आहे का?

सोबत्यासाठी दोन शब्द

ओळीने पाच आठवडे शहरात जाणे-येणे सोपे नसते. त्यातून मुळशीचा पाऊस आणि भातलावणीची घाई. घरातील कोण कोणत्या दिवशी सोबत जाणार, हे आधीच ठरवून ठेवावे. वाटेत शौचालय कोठे आहे ते पाहून ठेवावे. बदलायचे कपडे बरोबर घ्यावेत. निघताना मऊ भातासारखे हलके अन्न व पाणी द्यावे. प्रक्रियेपूर्वी शौचास जाऊन यावे, कारण तासभर हात हलवता येत नाहीत. चालू गोळ्यांची चिठ्ठी जवळ असावी. स्टिरॉइड आपल्या मनाने एकाएकी बंद करू नये आणि सांधेदुखीसाठी परस्पर वेदनाशामक गोळ्या घेऊ नयेत; त्यांनी आजार उसळू शकतो.

दिवसातून सहा किंवा अधिक वेळा रक्ताचे जुलाब, सोबत ताप, नाडीचा वेग नव्वदीपुढे, किंवा पोट फुगून दुखणे, यांपैकी काही दिसले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

आणि सर्वांत आधी, आजी-आजोबा न्हाणीघरातून नेहमीपेक्षा उशिरा बाहेर येऊ लागले, तर त्यांना मायेने विचारावे. योग्य निदान बहुधा त्या एका प्रश्नापासून सुरू होते.